बेळगाव की विजापूर? आमचं ठरलं

जानेवारीत नानांना घेऊन दोन दिवस कुठंतरी जायचं, एवढं दिवाळीतच पक्कं झालं होतं. कुठं, यावर मात्र घरात दोन तट पडले. आम्ही मिरजेत राहतो. इथून महाराष्ट्राची हद्द ओलांडली की एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला विजापूर.

सासूबाईंचा कौल बेळगावला. त्यांची मावसबहीण टिळकवाडीत असते आणि मिरजेतून थेट रेल्वे आहे. उगारच्या पुढं कृष्णा ओलांडली की डबे उघडायचे, घटप्रभा येईपर्यंत ताटल्या पुसून पिशवीत. विजापूरला रेल्वेनं जायचं म्हणजे पंढरपूर-सोलापूर असा सगळा वळसा. त्यापेक्षा म्हैसाळ, कागवाड, अथणी, तिकोटा असा गाडीरस्ता बरा.

बेळगाव मला परकं वाटतच नाही. गणपत गल्लीत मराठीतच घासाघीस करायची, येताना कुंदा घ्यायचा. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, तर कुणीच चुकवू नये. चौथ्या कार्तवीर्य रट्टाचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली ती बांधवली. मंडपात मधोमध उभं राहून मान वर केली की छतातून दगडाचं कमळ खाली उमललेलं दिसतं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ साली याच गावात भरलं. त्या जागेवर वीरसौध हे स्मारक उभं आहे. बेळगावच्या बाजूनं बोलायला मुद्दे कमी नाहीत.

तरी मी विजापूर लावून धरलं, ते नानांसाठी.

माझं माहेर साताऱ्याचं. नाना शाळेत इतिहास शिकवायचे आणि दर वर्षी मुलांना प्रतापगडावर न्यायचे. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट ते जागेवर उभं राहून सांगायचे, मग पायथ्याची अफजलखानाची कबर लांबून दाखवायचे. आमच्याकडं ही गोष्ट कायम गडावरून खाली बघत सांगितली जाते. खान ज्या शहरातून निघाला ते शहर नानांनी अजून पाहिलेलं नाही. शहाजीराजे ज्या दरबारात सरदार होते तो दरबार कसा, किती मोठा, हे त्यांनी मुलांना पुस्तकातून सांगितलं. मला वाटतं, शत्रू केवढा होता हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय महाराजांनी केलं ते केवढं, हे पुरतं कळत नाही.

गोलघुमटाच्या आत पाऊल टाकलं की ते कळतं. महंमद आदिलशाह १६५६ साली वारला, त्याची ही कबर. एवढ्या प्रचंड दालनात एकही खांब नाही. भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनाचा गोल होतो. त्यावर सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट बसवलाय. खानाला पाठवलं ते हे बांधून झाल्यावर दोन-तीन वर्षांतच. गावाबाहेर साठ कबर नावाची जागा आहे. मोहिमेवर निघण्याआधी खानानं आपल्या बायकांना मारून तिथं पुरलं, असं लोक सांगतात. त्यातलं खरं-खोटं काहीही असो, एकसारख्या काळ्या कबरींच्या रांगा बघून पोटात कालवतं. नाना तिथं काय बोलतील, मला खरंच ऐकायचंय.

इब्राहिम रोजा मात्र माझ्यासाठी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची ही कबर, आणि तो गाण्याचा वेडा. आपल्या तंबोऱ्याला त्यानं मोतीखान नाव दिलं होतं. त्यानं दख्खनीत पदं रचली, त्यांत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. आमच्या मिरजेत आजही भोपळे वाळत घालून तंबोरे घडवतात, त्यामुळं हा माणूस मला गल्लीतलाच वाटतो. रोज्याच्या खिडक्यांत जाळीऐवजी दगडात कोरलेली अक्षरं आहेत. अक्षरांमधल्या फटींतून उजेड आत येतो. मागच्या खेपेला मी एकाच खिडकीपाशी बराच वेळ उभी होते आणि मुलं मुलूख-ए-मैदान तोफेकडं चला म्हणून ओढत होती.

अडचण होती नानांच्या गुडघ्यांची. घुमटातल्या बोलत्या सज्जात जायला कोपऱ्यातल्या मिनारातले अरुंद जिने सात मजले चढावे लागतात, ते त्यांना झेपायचं नाही. वर भिंतीला तोंड लावून हळू बोललं की पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, हे खरं. पण दहाच्या पुढं गर्दी झाली की नुसता कल्लोळ असतो. म्हणून दार उघडताच आत जायचं. पोरं त्यांच्या बाबांबरोबर वर, मी नानांबरोबर खाली. रोजा, जुम्मा मशीद आणि बारा कमान बघायला फारसं चढावं लागत नाही.

शेवटी सासूबाईंना पटलं ते हवेमुळं. विजापूर मार्चनंतर तापतं, तिथं हिंडायचं तर थंडीतच. बेळगाव मे महिन्यातही मिरजेपेक्षा सुसह्य, म्हणून मावशींकडं आंब्याच्या दिवसांत आठवडाभर राहायला जायचं कबूल झालंय. विजापूरला मुक्काम एका रात्रीचा, जेवण खानावळीत: ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी. गाडी सांगून ठेवली आहे. पहाटे पाचला निघू, चहा अथणीत.