जुने ईएनआय टेराफॉर्मखाली: आतापर्यंत कुठवर आलो

एडब्ल्यूएस क्लाउडच्या कन्सोलवरून हाताने उभे केलेले ईसी२ सर्व्हर (इन्स्टन्स) बंद न करता त्यांचे नेटवर्क इंटरफेस (ईएनआय, म्हणजे सर्व्हरची आभासी नेटवर्क कार्डं) टेराफॉर्मखाली, म्हणजे अशी रचना कोडमधून सांभाळणाऱ्या साधनाखाली, आणतोय. दुय्यम ईएनआय सगळे स्टेटमध्ये (टेराफॉर्मच्या नोंदवहीत) आले आणि प्लॅन, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ यादी, आता एकही बदल दाखवत नाही. प्राथमिक मात्र मुद्दाम बाहेर ठेवलेत.

प्राथमिक, म्हणजे डिव्हाइस इंडेक्स ० वरचा इंटरफेस सर्व्हरसोबतच तयार होतो आणि त्याला डिटॅच करता येत नाही. इन्स्टन्स रिसोर्समध्ये (कोडमधल्या सर्व्हरच्या नोंदीत) आपण सबनेट, सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉलचे नियम), प्रायव्हेट आयपी लिहितो ते सगळं याच इंटरफेसचं असतं. तोच इंटरफेस स्वतंत्र रिसोर्स म्हणूनही इम्पोर्ट केला (स्टेटमध्ये आणला), तर सिक्युरिटी ग्रुपच्या एकाच यादीला दोन मालक होतात. दोन्हीकडे यादी वेगळी असेल, तर एकाने लावलेला ग्रुप दुसरा काढतो आणि प्लॅन कधीच शांत होत नाही. म्हणून प्राथमिकचा कारभार इन्स्टन्सकडेच, आणि त्याचा आयडी लागेल तिथे इन्स्टन्सच्याच आउटपुटमधून घ्यायचा. त्यावर फक्त टॅग हवे असतील तर ईसी२ टॅगचा वेगळा रिसोर्स पुरतो. हा उपाय मला फार आवडला.

दुय्यम इंटरफेससाठी टेराफॉर्म १.५ पासून आलेले इम्पोर्ट ब्लॉक वापरले. कोड प्लॅनकडूनच लिहून घेता येतो, पण तो जसाच्या तसा ठेवू नका. आयपींचा संच आणि आयपींची क्रमवार यादी या दोन्हींतलं एकच ठेवायचं. पहिला आयपी कोणता याला महत्त्व असेल तर यादी निवडा, संचाला क्रम नसतो. अटॅचमेंटचंही तसंच: इंटरफेसच्या आतला ब्लॉक किंवा वेगळा रिसोर्स, दोन्ही नकोत.

सर्वांत जपायची जागा म्हणजे सोर्स-डेस्टिनेशन चेक, म्हणजे वाहतूक त्याच सर्व्हरची आहे ना ही तपासणी. इतरांची वाहतूक पुढे पाठवणाऱ्या नॅट किंवा व्हीपीएन सर्व्हरवर तो बंद असतो, पण टेराफॉर्मचा डिफॉल्ट चालू आहे. हाताने कोड लिहिताना ती ओळ गळली, तर पुढच्या अप्लायला (प्लॅन प्रत्यक्ष लागू करताना) चेक सुरू होतो आणि मागच्या सर्व्हरांची वाहतूक थांबते. प्लॅनमध्ये ही एकच किरकोळ दिसणारी ओळ असते, तेव्हा ‘अपडेट’ म्हटलंय म्हणून सोडून देऊ नका.

प्रत्येक ईएनआयवर प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (टेराफॉर्मला तो नष्ट करू न देणारी सेटिंग) लावलाय. कारण सबनेट बदललं की इंटरफेस नवा बनतो, त्यासोबत मॅक अ‍ॅड्रेसही नवा येतो, आणि मॅकला बांधलेली लायसन्सं अडतात.

आता नॅट सर्व्हरचे रूट टेबल (वाहतूक कुठे पाठवायची ते सांगणारे तक्ते) घेतोय. तिथले रूट थेट ईएनआयच्या आयडीकडे बोट दाखवतात, त्यामुळे ते इंटरफेस स्टेटमध्ये आल्यानंतरच हात लावायचा असं ठरवलं होतं.