हवा भरायला दीडशे किलोमीटर

पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव. पाणी चढलं तेव्हा झाडं उभीच्या उभी बुडाली. आता मच्छीमार सोसायटीची जाळी त्यात अडकतात, कधी डोंग्याचा नांगर अडकतो. कोणी बुडालं तर पहिला फोन आम्हा ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, पोरांनाच येतो. म्हणून मी आणि चुलतभाऊ तारकर्लीला जाऊन डायव्हिंगचा कोर्स करून आलो आणि जुना सामान-सेट घेतला. कोर्स, डॉक्टरचा दाखला, प्रवास, सगळं सुरळीत झालं. अडलं ते हवेपाशी.

घरी बसून हिशेब केला तेव्हा फार सोपं वाटलं होतं. सिलिंडर ११ लिटरचा, दाब २०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), म्हणजे २२०० लिटर हवा. वर येताना ५० बार शिल्लक पाहिजे, तर वापरायला १५० बार, १६५० लिटर. शांत माणसाला पाण्याच्या वर मिनिटाला १५ लिटर लागतात असं वहीत लिहून आणलं होतं. १२ मीटरवर दाब २.२ पट, म्हणून तिथं ३३ लिटर. भागाकार केला, ५० मिनिटं. मी वहीत ५० ला गोल केला आणि आईला दाखवला. ती म्हणाली, "पाण्यात जाऊन हिशेब करते का कोणी?"

आता भरायची कुठं? तालुक्याच्या गावात एक गॅस एजन्सी आहे. तिथं एक फॉर्म देतात. त्यात गॅसच्या रकान्यात दोनच पर्याय, मेडिकल ऑक्सिजन आणि इंडस्ट्रियल ऑक्सिजन. मी दोन्ही सोडून खाली 'हवा' लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. "हवाच भरायची हाये तं पंक्चरवाल्याकडं जा ना भाऊ, इथं कायले आले?" मागच्या रांगेतले हसले. मी समजावलं की पाण्याखाली न्यायचं आहे. तर तो एकदम मदतीला आला, "मंग ऑक्सिजनच ने ना, हवेपेक्षा चांगला."

हेच सगळ्यांना वाटतं. पेपरातसुद्धा 'ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले' असंच छापून येतं. आमच्या पाठीवर असते ती साधी हवा, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, फक्त गाळलेली आणि दाबलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विष होतो, झटके येतात, आणि पाण्यात झटका आला की तोंडातलं रेग्युलेटर सुटतं. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर देतो आठ-दहा बार आणि सोबत तेलाची वाफ. आपल्याला पाहिजे २०० बार, कोरडी, फिल्टरमधून आलेली. हे सगळं मी त्या काउंटरवर उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "साहेब आल्यावर या." साहेब सोमवारी नव्हते, बुधवारी मीटिंगला होते. शुक्रवारी भेटले आणि म्हणाले, आमच्याकडं तसा प्रकार येतच नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? तीन चकरा, त्याही मे महिन्यात.

शेवटी नागपुरात श्वसनाच्या हवेचा कंप्रेसर असलेलं एक ठिकाण मिळालं. जाणं-येणं धरून दीडशे किलोमीटरच्या वर. (सिलिंडरचे नियम सांभाळणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, म्हणजे कागद तिथं, हवा तिथं, आणि धरण आमच्याकडं.) जाण्याआधी सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख बघून घ्या. उलटली असेल तर भरून देत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे. आमच्या एका सिलिंडरची उलटली होती, तो तसाच परत आला.

दुसरा भरला. दाबाच्या घड्याळात २०० बघून मीच मान डोलावली, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर काटा १८५. मी तिथूनच फोन लावला आणि तोंडाला आलं ते बोललो, कमी भरून लुटता वगैरे. समोरचा शांतपणे म्हणाला, "दादा, भरला तेव्हा सिलिंडर गरम होता, हात लावून पाहिला होता का?"

नव्हता पाहिला. भराभर भरताना सिलिंडर तापतो, वरून आमच्याकडचं ऊन. ५० अंशांवर २०० बार दिसला तर २८ अंशांच्या पाण्यात तो १८६-१८७ वर येतो. गळती नाही, चोरी नाही, हवा थंड झाली एवढंच. मला हे तारकर्लीत शिकवलं होतं की नाही आठवत नाही, तिथं सिलिंडर सावलीत थंड झालेलेच मिळायचे. पण त्या माणसावरचा माझा राग पूर्ण गेला नाही. थांबा, थंड झाल्यावर वरून भरून देतो, एवढं म्हणायला काय हरकत होती?

तेवढ्यावर भागलं नाही. माझा स्वतःचा आकडाही १५ नव्हता. हा आकडा मोजायचा असतो, वहीतून घ्यायचा नसतो. दहा मीटरवर दहा मिनिटं सावकाश पोहलो, ४० बार गेले. ४० गुणिले ११ म्हणजे ४४० लिटर, मिनिटाला ४४, आणि तिथं दाब दुप्पट म्हणून वरचे २२. चुलतभावाचे १७. दोघं मिळून उतरायचं तर हिशेब माझ्याच आकड्यावर धरायचा, हे त्याला अजून पटत नाही.

आणि ते शिल्लकचे ५० बार? एकाची हवा बंद पडली, दोघं एकाच सिलिंडरवर, घाबरून मिनिटाला तीस-तीस लिटर घेताहेत असं धरा. खाली १२ मीटरवर एक मिनिट, वर यायला दीड, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. साडेपाचशे लिटर, म्हणजे नेमके ५० बार. पण हे स्वच्छ पाण्याचं गणित झालं. आमच्या फुगवट्यात हातभर दिसत नाही, फांद्यांना जुनं नायलॉन जाळं गुंडाळलेलं असतं. तिथं आम्ही ७० ठेवतो, आणि सुरी दोघांकडंही.

मग १८५ मधून ७० गेले, राहिले ११५ बार, १२६५ लिटर. १२ मीटरवर मिनिटाला ४८. सव्वीस मिनिटं, त्यातच परतीचं पोहणंही आलं. आईला दाखवलेल्या पन्नासचे.

आता नागपूरला सकाळी सहालाच निघतो. सिलिंडर भरला की ओलं पोतं टाकून सावलीत ठेवतो, चहा-तर्री पोहे होईपर्यंत थांबतो आणि थंड झाल्यावर वरून भरून घेतो. पहिल्यांदा मागितलं तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं, पण भरलं.

एक राहिलंच. तारकर्लीला खाऱ्या पाण्यात जेवढं शिसं कमरेला बांधत होतो तेवढंच इथं बांधत होतो. गोड्या पाण्यात कमी लागतं. जास्त वजनानं माणूस खाली खेचला जातो, पाय मारत राहतो आणि श्वास वाढतो. दोन किलो कमी केल्यावर माझा आकडा १९ वर आला. चुलतभाऊ म्हणतो, तो हे पहिल्यापासून सांगत होता. सांगत नव्हता.