उठबस

डॉक्टरांनी कंबरेवर दोन-चार ठिकाणी बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, "काम काय करता?"

"बैठं आहे," मी म्हणालो.

"ते कळलंच. काम काय ते विचारतोय."

गोळ्या आठवड्यात संपल्या, पण हे "ते कळलंच" माझ्या डोक्यात बसलं. आणि बसलं म्हणताना लक्षात आलं, आपल्या भाषेत बसण्याला केवढा मान आहे! धंद्यात जम बसतो, संसाराची घडी बसते, नव्या जागी बस्तान बसतं, मार खाल्ला की गणितही डोक्यात बसतं. म्हणजे माणूस बसला की सुखरूप पोचला. हां, घसाही बसतो, खपही बसतो, आणि शनिवारी संध्याकाळी मित्र "बसायचं का?" म्हणतात तेव्हा खुर्ची हा मुद्दाच नसतो. तरी एकूण ताळेबंद बसण्याच्या बाजूचा. बिचाऱ्या उठण्याच्या वाट्याला काय? बाजार उठतो, अफवा उठते, अंगावर पुरळ उठतं आणि अगदीच झालं तर कुणी जिवावर उठतं.

या सगळ्यात दोघांना एका ताटात वाढणारा शब्द एकच, उठबस. "त्यांची मोठ्या लोकांत उठबस आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा कुणाच्याही गुडघ्यांचा विचार मनात नसतो. ओळखीपाळखी, जाणंयेणं, गप्पा एवढाच अर्थ. माझी ऑफिसातली उठबस त्या अर्थाने बरी होती. शब्दशः अर्थाने मात्र सकाळी एकदा बस आणि संध्याकाळी एकदा ऊठ.

डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मी ऑफिसकडून नवी खुर्ची मिळवली. कंबरेला टेकू देणारा उंचवटा, वरखाली होणारे हात, मान टेकायला उशीवजा काहीतरी आणि सीटखाली चार खटके. कुठला खटका कशाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी व्हिडिओ मीटिंगमध्ये मी तिमाहीचे आकडे सांगत असताना भलताच खटका दाबला गेला आणि मी सर्वांच्या देखत, अत्यंत संथपणे, पडद्यावरून खाली गेलो. आधी हनुवटी गेली, मग नाक, मग चष्मा. शेवटी नुसतं कपाळ आकडे सांगत राहिलं. मी थांबलो नाही याचं साहेबांनी नंतर कौतुक केलं. त्या महिन्यातलं ऑफिसातलं सर्वांत मोठं हसू तेच होतं, आणि ते कुणी आयोजित केलेलं नव्हतं.

त्या खुर्चीचा खरा दोष म्हणजे ती चांगली होती. शिवाय तिला चाकं होती. कपाटापर्यंत, खिडकीपर्यंत, शेजारच्या टेबलापर्यंत मी नावाड्यासारखा पाय मारत जायचो. चार्ल्स डार्विनच्या अभ्यासिकेतल्या खुर्चीलाही त्याने चाकं बसवून घेतली होती, एका नमुन्याकडून दुसऱ्याकडे झटकन जाता यावं म्हणून. हे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. पुढचं नंतर वाचनात आलं. हा गृहस्थ रोज ठरल्या वेळी घरामागच्या वाळूच्या वाटेवर फेऱ्या मारायला जायचा. मोजणी चुकू नये म्हणून वाटेवर गारगोट्या मांडायचा आणि फेरीगणिक एक लाथेने उडवायचा. मी त्याची चाकं तेवढी उचलली, गारगोट्या तिथेच राहिल्या. तीन महिन्यांत दुखणं कंबरेतून मानेत आलं, म्हणजे बढती मिळाली म्हणा.

हे रडगाणं नवीन नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. १७१३ मध्ये त्यात भर घातली, तेव्हा लेखनिक आणि कारकुनांवर एक स्वतंत्र प्रकरण आलं. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. वीज नाही, संगणक नाही, मेल नाही, आणि माणसाने आमच्या मजल्याचं हुबेहूब वर्णन करून ठेवलंय!

पण मला सगळ्यांत आवडते ती बसची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरची माणसं तपासायला घेतली. ड्रायव्हर आणि कंडक्टर. एकाच बसवर, एकाच धुरात, जवळपास एकाच पगारवर्गात. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या वर-खाली करतोय. १९५३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तरी त्याचा दणका सौम्य. पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन आणि टपालखात्यातले टेबलावरचे लोक, यांच्यातही तोच फरक. ड्रायव्हरच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं, आणि वाईट याचं वाटलं की तो निदान कुठेतरी पोचत तरी होता.

मॉरिस मात्र एवढ्यावर थांबला नाही. त्याने बसवाल्यांच्या गणवेशांची मापं मिळवली. १९५६ सालच्या निबंधात ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला, आणि तो तरुण गटातही मोठाच होता. म्हणजे बसून घेर वाढला, की घेर असलेलेच बसायच्या कामाला लागले? स्वतःच्या सिद्धान्ताला आड येऊ शकणारा प्रश्न स्वतःच, तोही शिंप्याच्या वहीतून, उकरून काढणारा शास्त्रज्ञ मला फार भावतो. हा माणूस २००९ मध्ये गेला, शंभरीला काही महिने कमी असताना.

आमच्या ऑफिसातही एकदा आरोग्याची लाट आली. पावलांची स्पर्धा. फोनमध्ये ॲप, चार-चार जणांचे गट, रोज दहा हजार पावलं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीने सांगितला म्हणून शोधलं, तर तो एका यंत्राच्या नावात सापडला. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. सुटसुटीत, गोल आकडा, खपाला सोयीचा. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका स्पष्टपणे कमी दिसला, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसेना. हे मी आमच्या गटप्रमुखाला दाखवलं. तो म्हणाला, "मग आपला गट म्हाताऱ्या बायकांचा आहे असं लिहून देऊ का?"

स्पर्धा जिंकली कुणी? आमच्या रांगेतला एक पोरगा आहे, टेबलाखाली त्याचा डावा पाय सतत हलत असतो. त्याने फोन मोज्यात खोचला आणि बसल्या बसल्या पहिला आला. रोज अठरा-वीस हजार! परीक्षकांना शंका आली ती तो बराच वेळ रडारड करून मागितलेल्या रजेवर असताना त्याची पावलं एकदम घटली तेव्हा. तोवर बक्षीस दिलं गेलं होतं.

बक्षीस म्हणजे पाण्याची दोन लिटरची बाटली. उरलेल्यांना सहभागाबद्दल तीच, फक्त रंग वेगळा. तिच्यावर रेघा आखलेल्या होत्या: नऊ वाजता इथपर्यंत, अकराला इथपर्यंत, संध्याकाळी पाचच्या पुढे 'शाब्बास'. मी ती सकाळी भरून टेबलावर ठेवू लागलो आणि महिन्याभराने ध्यानात आलं की पूर्वी पाण्यासाठी का होईना चार-पाचदा उठायचो, तेही बंद पडलंय. आरोग्यासाठी दिलेल्या बाटलीने मला खुर्चीला आणखी पक्कं बांधलं. शेवटी ती झाडांना पाणी घालायला दिली आणि एक लहानसा पेला आणला. चार घोटांत संपतो. बाजूच्याला वाटलं, मी काटकसर करतोय.

जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांची सांगितली आहेत, ती ऐकली की छातीत धस्स होतं. पण २०२० च्या त्याच मार्गदर्शनात एक मोठी सवलत आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत, ती अट त्यांनी काढून टाकली. आता चिल्लरही चालते. माझा पेला म्हणजे ती चिल्लर. डोळ्यांचंही तसंच, दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद पाहा म्हणतात. आमच्याकडे वीस फुटांवर साहेबांची काचेची केबिन आहे, त्यामुळे माझ्याबद्दल गैरसमज झाले. पुढचं सांगत नाही.

खरी उठबस मात्र प्रिंटरने घडवली. आमचा प्रिंटर व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याजवळ. माझ्या टेबलापासून ६२ पावलं, मोजलीयत. वाटेत अकाउंट्समधल्या ताईंचं टेबल, मग खिडकी, मग ती जागा जिथे फोनला रेंज मिळते आणि म्हणून कुणीतरी भिंतीला तोंड करून घरच्यांशी हळू आवाजात बोलत असतं. प्रिंटरपाशी पोचलं की आपला कागद निघालेला नसायचाच. आधी कुणाचे तरी चाळीस कागद, मग कागद अडकलेला, मग झाकण उघडून आत बोटं घालणारा एक तज्ज्ञ आणि त्याला सूचना देणारे तीन. ताज्या छापलेल्या कागदाला ऊब असते. थंडीच्या दिवसांत एसीच्या गारठ्यात तो गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या असलेल्या ताई मी पाहिल्यात. दुसऱ्याचे कागद वर आलेले असले की नाव बघून नेऊन द्यायचे, तेवढ्यात वाचूनही व्हायचे. कुणाच्या तरी राजीनाम्याची बातमी सगळ्यांना तिथेच आधी कळली. कुणी तरी आजीच्या नावाने घेतलेली तिसरी रजाही तिथेच उघडी पडली.

आणि हसणं. तिथे काही विनोद व्हायचे असं नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन संशोधकाने माणसं चारचौघांत नेमकी कशाला हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. विनोदासारखं काही बोलल्यावर हसलेले निघाले जेमतेम दहा-वीस टक्के. बाकी सगळे "बरं, येतो मग" असल्या वाक्यांना हसत होते. एकटं असण्यापेक्षा माणूस चारचौघांत तीसपट जास्त हसतो, हेही त्याचंच. प्रिंटरपाशी रोज ऐकू येणारं "आज पण अडकला का?" हे वाक्य कागदावर लिहिलं तर मरगळलेलं वाटेल. पण तिथे, चारजण अडकलेले असताना, दरवेळी हशा व्हायचा. उलट शुक्रवारी चार वाजता 'मजेचा तास' ठेवतात, कॅलेंडरवर आमंत्रण येतं, खाली 'उपस्थिती आवश्यक'. फुगे असतात. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहतो आणि घड्याळ बघतो.

सोय या गोष्टीवरचा माझा विश्वास तसा आधीच उडालाय. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं. इतर मजल्यांवरून लोक तंगडतोड करत यायचे, तर भांडं रिकामं. मग तिथल्या हुशार मंडळींनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र आपापल्या संगणकावर आणलं, कॉफी आहे का ते बसल्या जागी दिसावं म्हणून. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि पहिला वेबकॅम म्हणून नावाजलं. म्हणजे ज्या डबीपुढे आपण आज तास-तास हलत नाही, ती जन्मालाच आली कुणाचा तरी जिना वाचवायला. रिकाम्या भांड्यापाशी भेटून चरफडणारे दोघे आपसात काय बोलायचे, ते कॅमेऱ्यात येत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर नवा प्रिंटर आला. 'कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी' असं पत्रक निघालं. तो रांगेच्या मधोमध ठेवला, माझ्यापासून खुर्चीवरून एक वल्हं मारण्याइतका. जुना निघून गेला. नवा मिनिटाला तीस पानं काढतो आणि कधी अडकत नाही. पहिले दोन आठवडे सगळे खूश होते. तिसऱ्या आठवड्यात ताईंना मी लिफ्टमध्ये भेटलो, तर त्या म्हणाल्या, "अहो, रजेवर होतात का?"

परवा सकाळी नव्या प्रिंटरवर लाल दिवा लागला. तेव्हापासून सगळी छपाई खालच्या मजल्यावर जाते, बावीस पायऱ्या उतरून. काल तिथे आम्ही सहाजण होतो, आणि मोजेवाला पोरगा झाकण उघडून आत बोटं घालत होता. नव्या प्रिंटरची तक्रार नोंदवायला एक फॉर्म आहे, दोन मिनिटांचं काम. ताईंना वाटतंय मी नोंदवली असेल, मला वाटतंय त्यांनी. निदान आम्ही एकमेकांना तसं सांगतो.