आधी हात, मग ओळख

प्रेमपटातल्या नायकाने नायिकेचा हात धरायला किती वेळ लावावा, याचं एक अलिखित गणित असतं. जुन्या हिंदी चित्रपटांत गाडी बंद पडायची, पाऊस यायचा, पहारा देणारी आत्या नेमकी तीर्थयात्रेला निघायची, तेव्हा कुठे बोटाला बोट लागायचं. सगळी गंमत त्या उशिरात. एकदा मिठी पडली की प्रेक्षक खुर्चीखाली चपला शोधायला लागायचे.

बॉलरूम नाचाच्या स्पर्धेवर विनोदी प्रेमपट काढणाऱ्याची इथेच पंचाईत होते. त्याच्या नायक-नायिकेला सुरुवातीलाच एकमेकांच्या मिठीत उभं राहावं लागतं, आणि तेही नियम म्हणून. पुरुषाचा उजवा तळवा बाईच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, उरलेले दोन हात एकमेकांत, कोपरं वर, मान ताठ. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉटमध्ये तर अंगाला अंग लागलेलंच असावं लागतं. समोरच्याचं आडनाव माहीत नसलं तरी चालतं. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नासारखंच हे, आधी पाणिग्रहण आणि मग ओळख. म्हणजे लेखकाकडचा हुकमी एक्का पहिल्याच डावात गेला. आता प्रेक्षकाला दीड-दोन तास धरून ठेवायचं कशावर?

मला हे चित्रपट आवडतात ते याच अडचणीमुळे. स्पर्श झाल्यानंतरही किती अंतर उरतं, हे त्यांना दाखवत बसावं लागतं.

मडगावला एका लग्नात मी हे अंतर संपलेलं पाहिलंय. बँडने संथ वॉल्ट्झ धरला आणि सत्तरीचे एक अंकल, बूट आरशासारखे चमकवलेले, बायकोला घेऊन उतरले. बाई त्यांच्या खांद्यावरून मागच्या टेबलावरच्या कुणाशी तरी बोलत होत्या. विषय बहुधा सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा तिकडचा झणझणीत रस्सा. वळण आलं की अंकलचा अंगठा त्यांच्या पाठीवर किंचित दाबला जायचा आणि बाई वाक्य न तोडता वळायच्या. पाहण्यासारखा होता तो अंगठाच. नाचणारी मंडळी याला ‘लीड’ म्हणतात. पुढे काय करायचं ते तोंडाने न सांगता हाताने, छातीने सांगायचं. नवशिके ढकलतात, मुरलेले सुचवतात.

या जातीच्या चित्रपटांचा बादशहा म्हणजे ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’. साल 1992, दिग्दर्शक बाझ लुहरमन, त्याचा पहिलाच चित्रपट. गोष्ट सिडनीतली. स्कॉट हेस्टिंग्ज हा नाचाच्या क्लासात वाढलेला मुलगा, आई तिथेच शिकवते, आणि पॅन-पॅसिफिक ग्रां प्री जिंकणं हे त्याच्या जन्माचं प्रयोजन आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. स्पर्धेत एकाच वेळी अनेक जोड्या फ्लोअरवर असतात. पुरुषाच्या पाठीवर नंबर, कडेला परीक्षक, आणि सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. अशा गर्दीत दुसरी एक जोडी स्कॉटला कोंडीत पकडते आणि त्यातून सुटताना तो स्वतःच्या मनाच्या स्टेप्स टाकतो. झालं! पेल्यातलं वादळ सुरू. जोडीदारीण लिझ त्याला सोडते, आई रडते, आणि महासंघाचे अध्यक्ष बॅरी फाइफ बजावतात की नवीन स्टेप नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही.

पहिला अर्धा तास माझ्या अत्यंत आवडीचा, कारण त्यात प्रेम जवळजवळ नाहीच, आहे ते नुसतं राजकारण. मंडळी कॅमेऱ्याकडे बघून राष्ट्रीय संकट कोसळल्याच्या सुरात साक्ष देतात. लिझ त्राग्याने म्हणते की आत्ता या दारातून केन रेलिंग्ज (दुसरा एक स्पर्धक, पॅम शॉर्ट त्याची जोडीदारीण) आत यावा आणि त्याने म्हणावं, ‘पॅम शॉर्टचे दोन्ही पाय मोडलेत, मला तुझ्यासोबत नाचायचंय.’ त्याच क्षणी दार उघडतं आणि केन रेलिंग्ज शब्दन् शब्द तेच म्हणतो. पिसं, टिकल्या, टॅनिंगने नारिंगी झालेली माणसं, आणि दाताला दात लावून टिकवलेलं हसू. ज्याने कुठल्याही हौशी मंडळाच्या वार्षिक सभेत सरबताच्या बिलावरून झालेलं भांडण पाहिलंय, त्याला हे ऑस्ट्रेलियन लोक परके वाटणार नाहीत. जग जेवढं लहान, तेवढा अध्यक्षाचा रुबाब मोठा.

तरी एक सांगते, बॅरी फाइफ अगदीच मूर्ख आहे असं मला वाटत नाही. लबाड आहे, पण तो नियमांच्या ज्या वहीचं रक्षण करतोय ती वही निरुपयोगी नाही. 1924 साली लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगने बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली आणि कुठे कुठे, कसे कसे नाचले जाणारे हे नाच नियमांत बसवले. पावलं, मोजणी, शरीराचा कल, सगळं. त्यामुळेच दोन अनोळखी माणसं, एक भाषा येत नसतानाही, संगीत सुरू झाल्यावर एकमेकांना न तुडवता फिरू शकतात. बॅरीची चूक एवढीच की त्याने वहीलाच नाच समजलं.

मग येते फ्रॅन. चष्मा, विस्कटलेले केस, क्लासमधली नवशिकी. इतके दिवस मुलींबरोबरच नाचत आलेली. ती धाडस करून स्कॉटला म्हणते, मी नाचते तुझ्याबरोबर. तो तिला तिची पायरी दाखवून देतो. (चष्मा काढला की मुलगी सुंदर होते, हा शोध या चित्रपटानेही लावलाय. इथे मी डोळे मिटून घेते.) पुढे दोघं चोरून तालीम करतात, क्लास बंद झाल्यावर आणि गच्चीवर, मागे कोका-कोलाची भलीमोठी पाटी. पहिल्या तालमीत धरलेला हात आणि नंतरच्या तालमीतला हात नियमाच्या दृष्टीने तोच असतो. तळवा तिथेच, कोपर तिथेच. बदलतं ते एवढंच की आधी ती त्याच्या पायांकडे बघत असते आणि मग बघायचं सोडते. प्रेम जडल्याचा कबुलीजबाब कुणी देत नाही, आणि हे फार बरं करतात.

एका प्रसंगात पडद्यापुढे विजेती टीना स्पार्कल नाचतेय, डोरिस डेचं गाणं वाजतंय, आणि पडद्यामागच्या अंधारात हे दोघं त्याच गाण्यावर रुंबा करताहेत. पुढे रोषणाई आणि दात, मागे कुणीही बघत नाही म्हणून चेहरे सैल. स्पर्धेवरच्या चित्रपटातला सगळ्यात सुंदर नाच परीक्षकांच्या नजरेआड व्हावा, हा लुहरमनचा खट्याळपणा.

पण माझ्या मते चित्रपट खरा उभा राहतो तो फ्रॅनच्या घरी. स्पॅनिश कुटुंब, रेल्वे रुळांच्या कडेला घर, मुलीला रात्री सोडायला आलेल्या या गोऱ्या पोराकडे बाप संशयाने बघतोय. आमच्या मुलीबरोबर पासो दोब्ले करतोस? कर बघू. स्कॉट छाती काढून, नाकपुड्या फुगवून स्पर्धेतला पासो दोब्ले करतो. स्पर्धेच्या वहीत हा बैलाच्या झुंजीचा नाच, पुरुष मातादोर आणि बाई त्याचं लाल कापड. अंगणातली मंडळी आधी गप्प, मग खो खो हसत सुटतात. मग बाप उठतो. बापाचं काम करणारा अंतोनिओ वर्गास हा खरोखरचा फ्लामेंको नर्तक, त्यामुळे त्याची टाच जमिनीवर पडते तेव्हा पटकथेला काही समजावून सांगावं लागत नाही. नंतर आजी स्कॉटला विचारते, ताल कुठे जाणवतो? तो पाय दाखवतो. ती त्याच्या छातीवर थापट्या मारून ताल देते. एक म्हातारी, एक शर्ट आणि तिच्या हाताचा आवाज, बस्स. इतका वेळ या मुलाच्या अंगाला शेकडो वेळा हात लागलेत, जोडीदारणीचे, आईचे, शिक्षकाचे. पण तो हलतो या थापट्यांनी.

चेष्टा इतकी करूनही चित्रपट कुठे बोचत नाही, कारण ती घरच्याने केलेली आहे. लुहरमनची आई बॉलरूम शिकवायची आणि पोरवयात तोही नाचला होता. ही गोष्ट मुळात सिडनीच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत, निडात, 1984 साली विद्यार्थ्यांनी उभं केलेलं छोटंसं नाटक, म्हणजे आपल्या भाषेत एकांकिकाच. ती 1986 मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या युवा नाट्यमहोत्सवात गाजली, मग मोठी झाली. संगीत व्यवसायातले टेड अल्बर्ट यांनी ती पाहिली आणि चित्रपट करायचं मनावर घेतलं, पण चित्रीकरणाआधीच ते गेले. स्कॉटच्या आईचं, शर्लीचं काम करणारी पॅट थॉमसनही प्रदर्शनाआधी गेली. ते हुंदके, ते रंगवलेले डोळे, मुलाच्या पराभवाने कोसळणारी ती बाई. हसवण्याचं एवढं काम करून तिला एकही हशा ऐकायला मिळाला नाही. चित्रपट मग कान महोत्सवात पोचला आणि लुहरमनचं नाव झालं. याच लुहरमनने 2001 च्या ‘मुलाँ रूज’मध्ये आपल्या ऊर्मिला मातोंडकरवर चित्रित झालेलं ‘छम्मा छम्मा’ घेतलं. पिसं-टिकल्यांची आवड मुळातलीच म्हणायची.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा चित्रपट म्हणजे मासायुकी सुओचा 1996 चा जपानी ‘शॅल वुई डान्स?’. इथे टिकल्या कमी, संकोच जास्त. सुगियामा हा कर्ज काढून घर घेतलेला चाळिशीचा हिशेबनीस. लोकल गाडीतून घरी जाताना नाचाच्या क्लासच्या खिडकीत त्याला एक उदास बाई दिसते आणि एके दिवशी तो मधल्याच स्टेशनवर उतरतो. चित्रपटाची सुरुवातच हे सांगून होते की जपानमध्ये बॉलरूमकडे संशयाने पाहतात, नवरा-बायकोही चारचौघांत हातात हात घालून हिंडत नाहीत. आता बघा, एकीकडे परक्या बाईच्या पाठीवर हात ठेवायला फी भरून परवानगी, आणि दुसरीकडे घरी बायकोशी बोलायलाही विषय नाही. सुगियामा ऑफिसात टेबलाखाली पाय हलवून सराव करतो, प्लॅटफॉर्मवर स्टेप्स मोजतो. बायकोला त्याच्यातला बदल कळतो आणि ती गुप्तहेर लावते. गुप्तहेर पुरावे गोळा करता करता स्वतःच बॉलरूमच्या प्रेमात पडतो. कोजी याकुशोने हा माणूस असा केलाय की तो आपल्या शेजारच्या सीटवर पेपर वाचत बसलेला असू शकेल. आणि स्पर्धेच्या ऐन रंगात प्रेक्षकांतून मुलीची हाक आल्यावर त्याचा जो तोल जातो आणि बिचाऱ्या जोडीदारणीच्या झग्याचं जे होतं, ते पाहून हसावं की डोळे झाकावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

2004 मध्ये हॉलिवूडने हीच गोष्ट रिचर्ड गिअरला घेऊन शिकागोत नेली. माणूस देखणा, नाच देखणा, पण लाज कुठे आहे? नवऱ्याने नाचणं ही लपवण्याची गोष्ट आहे असं ज्या समाजाला वाटतच नाही, तिथे गुप्तहेराची गरज काय! आपल्याकडे ही गोष्ट अगदी जशीच्या तशी बसली असती. लग्नाच्या संगीतात बायकोशेजारी उभं राहून दोन्ही हात वर करून बल्ब फिरवणारे आपले काका आठवा. बायकोला हात लागू नये याची केवढी काळजी!

पण ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’मधला माझा माणूस स्कॉटही नाही आणि फ्रॅनही नाही. तो आहे स्कॉटचा बाप, डग. बॅरी ऑटो या नटाने केलेला हा खांदे पाडलेला, तोंडात सुवासिक फवारे मारत क्लासच्या कडेकडेने सरपटणारा इसम प्रथम नुसता विनोदासाठी ठेवलाय असं वाटतं. रात्री सगळे गेल्यावर हा एकटा नाचतो. बॅरी फाइफ स्कॉटला बापाची एक पराभवाची कहाणी सांगून घाबरवतो. बाप पूर्वी स्वतःच्या स्टेप्स नाचला आणि हरला म्हणे. खरं काय, तर डग नाचलाच नव्हता. त्याच्याबरोबर जिंकता येणार नाही असं बॅरीने शर्लीच्या मनात भरवलं, ती दुसऱ्याबरोबर उतरली, आणि तरीही हरली. एवढं झाल्यावर ही दोघं नवरा-बायको म्हणून एका घरात, एका क्लासात वर्षानुवर्षं वावरतात.

शेवटच्या स्पर्धेत बॅरी संगीत बंद पाडतो. स्कॉट आणि फ्रॅन बाद झालेले, फ्लोअरच्या मधोमध उभे. तेव्हा प्रेक्षकांतून टाळ्यांचा ठेका धरतो तो डगच, जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला. मग सगळे टाळ्या वाजवायला लागतात, नाच होतो, आणि पाठोपाठ अख्खं प्रेक्षागृह फ्लोअरवर उतरतं. त्या गर्दीत डग आणि शर्ली एकमेकांचे हात धरून आहेत. कॅमेरा त्यांच्यावर फार रेंगाळत नाही. मी मात्र दर वेळी स्कॉटला सोडून त्या दोघांनाच शोधते.

पॅन-पॅसिफिकची ट्रॉफी शेवटी कुणी नेली, याच्याशी मला आजवर काही देणंघेणं वाटलेलं नाही. स्कॉटचं काम करणारा पॉल मर्क्युरिओ मात्र पुढे खरोखरच निवडून आला. 2022 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेवर. मतदारसंघाचं नाव हेस्टिंग्ज. पटकथेत असं लिहिलं असतं तर लेखकाला म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.