आंतर्द्रव्यजालिका पाहायला नाशिकला जाणार असाल तर

आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन निफाडहून नाशिकला गेलो होतो, तिथल्या एका महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत. तुम्हीही जाणार असाल तर मुलांना आधीच सांगून ठेवा, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीच्या आत पसरलेलं पटलांचं जाळं, दिसणार नाही. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी त्यात वेगळ्या दिसत नाहीत, आणि जालिकेचं पटल तर काही नॅनोमीटर जाडीचं. १९४५ साली पोर्टर, क्लॉड आणि फुलम या शास्त्रज्ञांना हे जाळं दिसलं ते कोंबडीच्या गर्भाच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर.

मग जायचं कशाला? जिवंत पेशी बघायला. कांदा आपलाच न्या, ताजा आणि रसरशीत. जाड पाकळी मोडून आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरून वर काच ठेवायची. पहिल्या स्लाइडला आयोडीन अजिबात लावू देऊ नका, पेशी मरते. चाळीस पट मोठं दाखवणारं भिंग लावा, खालून येणारा प्रकाश कमी करा आणि केंद्रकाजवळ नजर ठेवून थांबा. पेशीद्रव्याच्या बारीक दोऱ्यांवरून कण सरकताना दिसतात. आमच्या मागच्या बाकावरची पोरं तिथून हलेनात! या प्रवाहात जालिकाही सतत सरकत असते, आकार बदलत असते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेली चित्रं यानंतरच दाखवा. क्रम उलटा केला तर मुलांना ती नुसती नक्षी वाटते. स्वादुपिंडाच्या पेशीचं चित्र मागून घ्या. चपट्या पिशव्यांच्या थरांवर रायबोझोमचे, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कणांचे ठिपके, ही खडबडीत जालिका. इन्शुलिनची साखळी इथेच आत शिरते, घडी घेते आणि पुढे गॉल्जी पिंडाकडे, म्हणजे प्रथिनं बाहेर पाठवण्यासाठी तयार करणाऱ्या पेशीच्या भागाकडे जाते. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्या मुलांनी इथे सर्वाधिक प्रश्न विचारले. केंद्रकाचं बाहेरचं पटल जालिकेलाच जोडलेलं असतं, तो सांधा बोट ठेवून दाखवा. मृदू, म्हणजे रायबोझोम नसलेल्या जालिकेसाठी यकृताची पेशी बघा: मेदपदार्थ तयार करणं, औषधं आणि विषारी द्रव्यं पाण्यात विरघळतील अशी करणं हे तिचं काम. स्नायूंत तीच कॅल्शियम साठवते.

परवानगीचं पत्र आधी द्या, महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस टाळा आणि एका सूक्ष्मदर्शकामागे चारपेक्षा जास्त मुलं ठेवू नका. सीबीएसवरून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) परतीच्या एसटीला संध्याकाळी गर्दी होते, दुपारीच निघा.