शेवटचा रॉक

रत्नागिरीत मासळीसाठी लाद्या पाडणाऱ्या बर्फाच्या कारखान्यात मी कॉम्प्रेसर सांभाळायचो. आता कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ सपाट प्रदेशात, एका कर्लिंग क्लबचा आइसमेकर आहे. कर्लिंग म्हणजे ग्रॅनाइटचा जड गोल दगड, म्हणजे रॉक, बर्फाच्या लांब पट्ट्यावरून घसरवत पलीकडच्या वर्तुळात नेऊन थांबवायचा खेळ; ज्याचा रॉक मध्याला जवळ, त्याला गुण. गावाकडे फोन केला की हमखास प्रश्न येतो, "बर्फ तर आपोआप गोठतो, तू दिवसभर करतोस काय?"

कर्लिंगचा बर्फ गुळगुळीत असून चालत नाही. आधी यंत्राने तासून पट्टा सपाट करायचा. मग क्षार काढलेलं गरम पाणी पाठीवरच्या टाकीतून, बारीक भोकांच्या झारीने, उलटं चालत शिंपडायचं. थेंब पडल्या पडल्या गोठतो, त्याचा दाणा होतो. हा आमचा पेबल. मनगटाची लय बिघडली तर ४५ मीटरच्या पट्ट्यात कुठेतरी दाणे दाट पडतात. प्रेक्षकाला ते दिसत नाही, स्किपला, म्हणजे संघाच्या कर्णधाराला, दोन रॉकमध्ये कळतं. शेवटी पातं फिरवून दाण्यांची टोकं छाटायची. रॉकचं वजन जास्तीत जास्त १९.९६ किलो, पण दाण्यांना टेकते ती बुडाची काही मिलिमीटर रुंदीची कडा. बाकी सगळा ग्रॅनाइट अधांतरी. दाण्यांवर दवाचा हलका थर धरला तरी खेळ बदलतो, म्हणून हॉलचं दार उघडं टाकून गप्पा छाटणाऱ्यांवर मी ओरडतो. कमिटीला वाटतं मी तिरसट आहे. असेन.

तर गेल्या मोसमातली प्रांतिक अंतिम फेरी. आमच्या क्लबची स्किप पेशाने नर्स. रात्रपाळी करून सरावाला येणारी, रजा साठवून स्पर्धा खेळणारी. इथे वरच्या दर्जाचे खेळाडूही बहुतेक नोकरी सांभाळूनच खेळतात. या फेरीत ती आधी तीनदा हरली होती. जिंकली असती तर पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला, स्कॉटीजला गेली असती.

दहावा एंड, म्हणजे शेवटचा डाव, गुण बरोबरीत, शेवटचा रॉक तिचा. चार फुटी वर्तुळात साधा ड्रॉ, म्हणजे रॉक नुसता आत नेऊन थांबवायचा. असले तिने हजारो टाकले असतील. रॉक सुटला तेव्हा त्याच्यापुढे बर्फ घासत जाणाऱ्या ब्रशवाल्या दोघी ओरडल्या, "वजन बरोबर!" (आमच्यात वजन म्हणजे रॉकचा वेग.) वर्तुळाअलीकडची आडवी रेघ, हॉग लाइन, ओलांडली आणि रॉकची फिरकीच गेली. झपकन वळला, वेग मेला, वर्तुळाच्या तोंडाशी येऊन बसला. गुण समोरच्यांना. संपलं. तिने हातमोजा काढला आणि समोरच्या स्किपशी हात मिळवला.

मी काचेमागे होतो. माझ्या तोंडून निघालं, "पिक!" रॉकखाली केस, धागा, ब्रशचं तूस आलं की असंच होतं. पिकला माफी नाही, रॉक पुन्हा टाकायला मिळत नाही. पण सोडताना हँडलला फिरकी कमी पडली तरी रॉक अगदी असाच दगा देतो. दोन्ही लांबून सारखंच दिसतं.

सगळे बारमध्ये गेल्यावर (जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायची, ही इथली रीत) मी बॅटरी घेऊन त्या वाटेवर ओणवा झालो. हॉग लाइनच्या पुढे निळसर धागा सापडला, नखाएवढा. पण तोवर फोटोसाठी निम्मा गाव बर्फावर फिरून गेला होता. धागा कुणाचाही असेल.

तिला दाखवला. "टाकून दे तो. हँडल मीच कमी दिलं," म्हणाली. वार्ताहरालाही तिने हेच सांगितलं. मी चित्रफीत परत परत पाहिली आहे. रॉक सुटताना फिरकी मला तरी ठीक दिसते. माझा बर्फ वाचवायला ती असं बोलली, असा माझा संशय आहे आणि त्याचा मला रागही येतो. धागा असेल तर धागा म्हण ना! माझ्या कामावर पांघरूण घाल असं कोणी सांगितलं होतं? पण खरंच हँडल कमी पडलं असेल, तर माझा राग निव्वळ आगाऊपणा.

यंदा तिने ज्युनियरमधल्या दोन मुली घेऊन नवा संघ बांधला आहे. मी धाग्याचा विषय काढला की ती विचारते, "तिसऱ्या पट्ट्याची डावी बाजू अजून संथ का रे?" संथ आहे खरी. बर्फ गोठवणाऱ्या, खालच्या एका पाइपवर माझा संशय आहे. तो बदलायला कमिटी पैसे देत नाही आणि उन्हाळ्यात बर्फ काढल्याशिवाय त्याला हातही लावता येत नाही.