तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्याशा क्लबच्या एवढ्या आठवणी कशाला?

फुटबॉलचा विषय निघाला की मला हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, लंडनमध्ये एवढे मोठमोठे क्लब असताना तुम्ही एएफसी विम्बल्डनच्या मागे का? आणि दुसरा, तुम्ही लोक भेटलात की सारख्या जुन्याच मॅचेस काय उगाळत बसता? परवा एका मैत्रिणीच्या घरी दोन्ही प्रश्न एकदमच आले. तिथे अर्धवट उत्तर देऊन उठावं लागलं, म्हणून नीट लिहायला बसले.

आमचं ट्रॉफ्यांचं कपाट लहान आहे. मोठ्या क्लबच्या चाहत्याला विचारलं तर तो कुठल्या साली काय जिंकलं ते सांगतो. आमच्याकडे लक्षात राहतात त्या भलत्याच गोष्टी. कुणीतरी अडवलेली पेनल्टी. जेमतेम वाचलेला सीझन. आणि क्लब उरला, तो दिवस.

मी नैर्ऋत्य लंडनमध्ये राहायला आले तेव्हा क्लब किंग्जमेडो मैदानावर खेळायचा. हे मैदान विम्बल्डनमध्ये नाही, शेजारच्या किंग्स्टनमध्ये आहे. छोटंसं, पाच हजार माणसांतही गच्च वाटणारं. गोलच्या मागे उभं राहायच्या पायऱ्या होत्या आणि मी तिथेच उभी राहायचे. तिथून गोलकीपर बचावपटूंवर ओरडतो ते शब्दन् शब्द ऐकू यायचं. कॉर्नर घ्यायला आलेला खेळाडू दोन हातांवर असायचा. त्याच्या मोज्यांवरचा चिखल दिसायचा, धाप ऐकू यायची. चुकला तर लोक त्याला नावानिशी धीर द्यायचे आणि तो मान वर करून बघायचा. टीव्हीवर वर्षानुवर्षं फुटबॉल बघूनही हे मला माहीत नव्हतं.

माझ्या शेजारी एक आजोबा उभे राहायचे. जागा ठरलेली, कठड्याला कोपर टेकवून. मध्यंतर झालं की ते 1975 सालात जायचे. तेव्हा विम्बल्डन व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल लीगमध्येही नव्हता, नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचा संघ होता. त्या संघाने एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर 1-0 हरवलं. पुढची मॅच लीड्सशी, म्हणजे त्या वेळच्या इंग्लंडच्या चॅम्पियनशी, आणि तीही त्यांच्या घरी. उत्तरार्धात लीड्सला पेनल्टी मिळाली. मारायला पीटर लॉरिमर, ज्याच्या फटक्याची ताकद सगळ्या इंग्लंडला ठाऊक होती. समोर आमचा गोलकीपर डिकी गाय. इथे आजोबा थांबायचे, उजव्या हाताची बोटं ताणून पंजा उघडायचे आणि तो झटक्यात बाजूला न्यायचे. गायने ती पेनल्टी अडवली, मॅच 0-0 सुटली. फेरसामन्यात चेंडू आपल्याच डेव्ह बॅसेटला लागून गोलमध्ये गेला आणि विम्बल्डन हरला. आजोबा हेही सांगायचे, एका वाक्यात, आणि लगेच पुन्हा पेनल्टीकडे वळायचे. मी ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल, पण कधी कंटाळा आला नाही. दर वेळी त्यांचा पंजा तसाच उघडायचा.

पुढचा इतिहास तसा बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. 1977 मध्ये क्लबला लीगमध्ये घेतलं आणि नऊच वर्षांत तो सगळ्यात वरच्या डिव्हिजनला पोचला. वर नेणारा मॅनेजर तोच डेव्ह बॅसेट. 14 मे 1988 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कपची फायनल झाली. समोर त्या वर्षीचा लीगविजेता लिव्हरपूल. डेनिस वाइजच्या फ्रीकिकवर लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. मग जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी कॅप्टन-गोलकीपर डेव्ह बीसंटने डावीकडे झेपावून अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. 1-0. कप आपला.

त्या संघात विनी जोन्ससारखा, काही वर्षांपूर्वी बांधकामावर विटा वाहणारा खेळाडू होता, हे मला फार भावतं. पण एक सांगायला हवं. त्या संघाचं फुटबॉल दिसायला सुंदर नव्हतं. लांब चेंडू, धसमुसळेपणा, आणि आपल्यातल्याच नवख्या पोरांची जी थट्टा चालायची ती कधीकधी क्रूर असायची. लहान क्लब आहे म्हणून त्याचं सगळंच चांगलं, असं मी मानत नाही.

यानंतरचं सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. 1991 मध्ये क्लबने प्लाऊ लेन हे आपलं जुनं मैदान सोडलं. हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत चाहते मेले, त्या दुर्घटनेनंतर वरच्या डिव्हिजनच्या मैदानांवर सगळीकडे खुर्च्या हव्या होत्या आणि प्लाऊ लेनवर ते जमणारं नव्हतं. मग क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून दिवस काढले. 2000 साली, पुन्हा 14 मेलाच, प्रीमियर लीगमधून खाली घसरण झाली. आणि 28 मे 2002 ला फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या समितीने, दोन विरुद्ध एक अशा मताने, क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली. ते गाव 90 किलोमीटर लांब. 1889 पासूनचा विम्बल्डनचा क्लब विम्बल्डनला उरणार नव्हता.

चाहत्यांनी वर्षभर निदर्शनं केली होती, अर्ज-विनंत्या केल्या होत्या. निकाल लागल्यावर त्यांच्यातले क्रिस स्ट्यूअर्ट म्हणाले ते मला पाठ आहे: लढून लढून दमलो, आता नुसतं फुटबॉल बघायचंय. आणि त्या लोकांनी काही आठवड्यांत नवा क्लब उभा केला, तोच हा एएफसी विम्बल्डन. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खुली निवड चाचणी ठेवली, तर दोनशेहून जास्त पोरं बूट घेऊन हजर. 10 जुलै 2002 ला पहिली मैत्रीपूर्ण मॅच, सटन युनायटेडशी. बघायला 4657 माणसं. त्या संघाने एकत्र सराव तरी किती केला असणार! 4-0 ने हरले.

त्या मॅचला असलेल्या माणसांशी मी बोलले आहे. चार गोल कुणी मारले हे एकालाही आठवत नाही. आठवतं ते हे की सगळे गात होते, गेटबाहेरची रांग हटत नव्हती, आणि सेलहर्स्ट पार्कवर दिसेनासे झालेले चेहरे पुन्हा दिसत होते. आजोबा तिथे होते. 1988 ला ते वेम्बलीवरही होते. दोन्हींतली मोठी मॅच कुठली, असं मी एकदा विचारलं, तर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, सटनची. वेम्बलीला कप मिळाला, सटनला क्लब मिळाला.

तुम्ही म्हणाल, हा तुमच्याच क्लबचा वेडेपणा. पण बर्लिनच्या युनियन क्लबचं बघा. 2008-09 मध्ये त्यांच्या स्टेडियमला दुरुस्ती हवी होती आणि पैसा नव्हता, तर दोन हजारांवर चाहत्यांनी स्वतः हातात फावडी घेऊन पायऱ्या नव्याने बांधल्या. 2019 मध्ये हा क्लब पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढला. पहिल्या मॅचला चाहते आपल्या वारलेल्या माणसांचे मोठे फोटो हातात धरून उभे राहिले, कारण हा दिवस बघायचा राहून गेलेले कितीतरी जण होते. कुणाचे वडील, कुणाचा भाऊ, कुणाची बायको. त्या दिवशी युनियन लाइपझिगकडून 4-0 ने हरला. स्कोअर सटनचाच, आणि तिथेही लोकांना आठवतात ते फोटो.

म्हणून आम्ही जुनं उगाळतो. आमच्या जुन्या मॅचेसमध्ये आमचीच माणसं आहेत. तिकिटं फाडणारे, पावसात मैदानावरचं पाणी काढणारे, मुलाला खांद्यावर बसवून आलेले. आता ते मूल स्वतःच्या पोराला घेऊन येतं. ज्या क्लबला चाहत्यांनी हातांनी घडवलं, त्याचा इतिहास आणि घरचा इतिहास वेगळा काढता येत नाही.

नव्या क्लबने सुरुवात फार खालच्या लीगमध्ये केली, कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये. तिथल्या मैदानांवर एरवी शे-दोनशे माणसं यायची, आमच्या मॅचला हजारोंनी. मधल्या काळात सलग 78 लीग मॅचेस हरलो नाही. 2011 मध्ये मँचेस्टरला ल्यूटनविरुद्ध प्लेऑफ फायनल, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधल्या जागेसाठीची निर्णायक मॅच झाली, गोल झालाच नाही, पेनल्टी शूटआउट. गोलकीपर सेब ब्राउन लहानपणापासून विम्बल्डनचा चाहता. त्याने दोन पेनल्टी अडवल्या. शेवटची कॅप्टन डॅनी केडवेलने मारली आणि 4-3. नऊ वर्षांत क्लब फुटबॉल लीगमध्ये परत. हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्यांनी पुन्हा पंजा उघडून दाखवला, या वेळी दोनदा.

नोव्हेंबर 2020 मध्ये आम्ही प्लाऊ लेनला परतलो, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. स्टेडियमला पैसे कमी पडले तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा हिस्सा देण्याऐवजी चाहत्यांना रोखे विकून 50 लाख पौंडांच्या वर रक्कम उभी केली. बहुसंख्य मालकी आजही चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे; सभासदाला एक मत, मग तो कितीही श्रीमंत असो. याची किंमत मोजावी लागते, हे मान्य. चांगला खेळाडू तयार झाला की तो विकला जातो. शेजारच्या क्लबकडे अब्जाधीश मालक असतो, आमच्याकडे बादलीतून जमवलेली वर्गणी. 2022 मध्ये आम्ही चौथ्या डिव्हिजनला घसरलो. करोनाच्या साथीमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर नव्या घरातली पहिली मॅच झाली, त्याचंही मला वाईट वाटतं. सगळा जन्म ज्यासाठी वाट बघितली, त्या दिवशी लोक घरी बसले होते.

तरी मे 2025 मध्ये वेम्बलीवर वॉल्सॉलला 1-0 हरवून पुन्हा तिसऱ्या डिव्हिजनला आलो. गोल मायल्स हिपोलाइटचा. मी तिथे होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले. तिथे बरेच क्लब आमच्यापेक्षा कितीतरी पैसेवाले, तेव्हा टिकणं सोपं नाही. सीझन तिकीट मी घेतलंय. तुम्हाला यायचं असेल तर कळवा, गोलच्या मागची जागा बघू.